सहानंतरचा आवाज

९ फेब्रुवारी, सोमवार

आज आईच्या दंडावर वळ दिसले. डाव्या दंडावर, आतल्या बाजूला. ओळीत चार आणि पलीकडे एक. म्हणजे पंजा. एकतीस वर्षं साक्षी टाइप केल्यावर एवढं कळतं, की असे वळ खाटेला आपटून उठत नाहीत.

ही वही त्यासाठीच आणली. आमच्या कामात जे कागदावर नाही ते घडलंच नाही असं धरतात. रोज सकाळी गाडीनं आमच्या ओल्यांव गावाहून फारो शहरात जायचं, न्यायालयातल्या साक्षींची रेकॉर्डिंग कानाला लावायची आणि शब्दन्‌शब्द उतरवायचा, हे माझं काम. माणूस कुठे अडखळला, कुठे खोकला, तेही लिहायचं.

निल्झा कोट घालून निघाली होती. तिला थांबवलं.

“निल्झा, हे काय आहे?”

तिनं जवळ येऊन बघितलं. “अंघोळ घालताना मीही बघितलं, ग्रासिएतबाई. तुम्हालाच विचारणार होते.”

मला विचारणार होती म्हणे! दिवसभर आईजवळ असते ती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सप्टेंबरपासून. केप व्हर्द बेटांवरची आहे, वयानं पन्नाशीची, अंगानं दणकट, बोलायला गोड. अशा गोड बोलणाऱ्यांच्या कितीतरी साक्षी मी टाइप केल्यात.

आईला विचारलं, “कुणी केलं?” तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्रीचं सूपही घेईना. तोंड घट्ट मिटलेलं. शेवटी गाल धरून भरवावं लागलं. उपाशी कशी ठेवणार?

११ फेब्रुवारी, बुधवार

आई माझ्याशी बोलत नाही. दिवसाला दहा शब्द फार झाले. डॉक्टर म्हणतात, आजारच विसरण्याचा आहे, शब्द जाणारच. शहाऐंशी वर्षांची आहे. पण मला वाटतं तिला कुणीतरी धाक घातलाय.

कपडे बदलताना लाकडासारखी ताठ होते. हात वाकवून बाहीत घालावा लागतो. आज पाऊण तास गेला त्यात. दिवसभर टाइप करून माझी मान धरलेली असते, ते कुणाला सांगायचं? निल्झा म्हणते, “माझ्याकडून तर हसत हसत घालून घेतात.” हे बोलून दाखवायची गरज होती का?

१५ फेब्रुवारी, रविवार

वाल्देमारचा लक्झेंबर्गहून फोन आला. दर रविवारी येतो. माझा धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. वळांचं सांगितलं.

“त्या बाईला आजच्या आज काढ.”

“काढून दुसरी कुठून आणू? पुरावा तर हवा.”

“मग पुरावा मिळव. तुझ्याकडे रेकॉर्डर असतो ना? आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलंस, आता घरचं ऐक.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ ते वाक्य डोक्यात राहिलं. दोन-तीन वर्षांपूर्वी असाच एक खटला माझ्याकडे आला होता. नवऱ्यानं बायकोचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलेलं, आणि न्यायाधीशांनी ते ऐकायलाच नकार दिला होता. पण ते नवरा-बायकोचं भांडण होतं. इथे माझी आई आहे, माझं घर आहे, आणि मला कुणाचं गुपित नको आहे. मला फक्त वळ कुणाचे ते हवंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ठेवला. आईच्या खोलीतल्या कपाटावर, शिवणाच्या डब्यामागे. बॅटरी चौदा तास चालते. घरातून निघताना बटण दाबलं. निल्झा दारातून आत येत म्हणाली, “गाडी चुकेल तुमची. जा, आम्ही दोघी मजेत आहोत.” मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभराचं आज ऑफिसात बसून ऐकलं. सकाळपासून सहापर्यंत. सहाच्या पुढचं ऐकायचं कारण नाही, तेव्हा मी घरी असते.

मला धक्का बसलाय. आई बोलते. नुसती बोलत नाही, गप्पा मारते. सवयीनं टाइपच करत गेले (आईला ती दोना ओदेत, म्हणजे ओदेतबाई म्हणते):

निल्झा: दाखवा पाय, दोना ओदेत. वा! हे तर राणीचे पाय.

आई: राणी कसली! कारखान्यात मासे डब्यात भरणारीचे पाय आहेत. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून असे झालेत.

निल्झा: म्हणूनच टिकलेत. खारवलेल्या ऑलिव्हसारखे.

आई: आमची मुकादमीण होती ना, तिला मिशा होत्या. भोंगा वाजला की तिच्या मिशा आधी दारात यायच्या आणि मग ती.

आणि आई हसली. मागे नेऊन तीनदा ऐकलं ते हसू. मुकादमीण, मिशा, मला यातलं काही ठाऊक नाही. मी तिची लेक आहे आणि मला आजवर हे कधी सांगितलं नाही. त्या परक्या बाईला सांगते!

मारल्याचा, ओरडल्याचा एकही आवाज नाही. म्हणजे ती हुशार आहे. अजून ऐकावं लागेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं. शुक्रवारच्या रेकॉर्डिंगमध्ये, संध्याकाळी पाचच्या सुमाराला.

आई: किती वाजले?

निल्झा: पाच होतील.

आई: म्हणजे ती येईल आता.

निल्झा: कोण?

आई: संध्याकाळची बाई. तिला सांग ना, आज नको येऊस म्हणून.

(बराच वेळ शांतता.)

निल्झा: मी आहे ना सहापर्यंत.

आई: तू गेलीस की येते. तिचे हात फार घाईचे असतात.

 घरात तिसरी बाई येते! निल्झानं कुणाला तरी हाताशी धरलंय. आपली वेळ कमी करून कुणा मैत्रिणीला आत घेत असणार. “तू गेलीस की” म्हणजे दुपारी केव्हातरी. आईला वेळेचं भान कुठे उरलंय? सहानंतर तर घरात मीच असते.

निल्झा त्या वेळी एवढी गप्प का झाली? “कोण” म्हणून पुन्हा का विचारलं नाही? तिला माहीत आहे म्हणूनच ना?

त्याच रेकॉर्डिंगमध्ये तिचा फोनही आहे, स्पीकरवर, तिच्या मुलीशी. मला ऐकायचा नव्हता, पण मध्येच होता. छातीत गाठ आहे, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, इथे सांगितलं नाही, सांगितलं तर काम जाईल. मुलगी रडते आहे आणि ही तिला समजावते आहे. मी हेडफोन काढला नाही. का काढला नाही? काम म्हणून ऐकत होते, असं मनाला सांगितलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज अर्धी रजा टाकली आणि न सांगता दुपारी अडीचला घरी आले. चपला हातात घेऊन जिना चढले. तिसरी बाई नव्हती. दार अर्धवट उघडं होतं. आई झोपलेली, आणि निल्झा तिच्याच खाटेच्या कडेला पाय वर घेऊन, परकर गुडघ्याच्या वर सारून पोटरीला मलम चोळत बसली होती. मोबाइलवर चार फोटो काढले. माझ्या आईच्या खाटेवर ही बसते! वाल्देमारला फोटो पाठवले, रेकॉर्डिंगही पाठवलं. “उद्याच काढ,” त्यानं लगेच लिहिलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

निल्झाला काढलं.

ती निघायच्या वेळी मी म्हटलं, “निल्झा, सोमवारपासून येऊ नकोस.”

“काय झालं, बाई?”

“ते तुलाच माहीत. दुपारी कुणाला आत घेतेस तू?”

“कुणाला?” ती खरंच गोंधळल्यासारखी दिसली. “या घरात मी सोडून कुणी येत नाही.”

“आई म्हणते येते. संध्याकाळची बाई.”

तिचा हात कोटाच्या बटणावरच राहिला. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “दोना ओदेत तुम्हाला म्हणाल्या हे?”

मला तिच्या त्या बघण्याचा राग आला. तोंडातून निघून गेलं, “आणि ती गाठ? आजारी बाईनं माझ्या आईला उचलायचं, आणि मला सांगायचंही नाही?”

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

“ते फक्त माझ्या लेकीला ठाऊक आहे.” आणि थोड्या वेळानं, “तुम्ही आमचं बोलणं ऐकत होतात? या खोलीत?”

“माझं घर आहे. तुझे फोटोही काढलेत, आणि माझ्या भावाला सगळं पाठवलंय.”

“घर तुमचं, बाई. माझं बोलणं तुमचं नाही.”

आईचं कपाळ चुंबून ती गेली. आईनं तिचा हात सोडला नाही. बोटं एकेक करून मला सोडवावी लागली. सोडवताना आई ओरडली. कुत्र्याचं पिल्लू ओरडतं तशी.

५ मार्च, गुरुवार

रजेवर आहे. नवी बाई मिळेपर्यंत मीच. दिवस संपता संपत नाही. काल दुपारी सूपाची थाळी भिंतीवर गेली. हातून निसटली. आई खाटेखाली लपायला बघत होती, या वयात! उचलून बसवली.

कारखान्याचं विचारलं. मुकादमिणीच्या मिशांचं विचारलं. माझ्याकडे बघून तिनं ओठ मिटले.

९ मार्च, सोमवार

मनगटावर नवीन वळ. उजव्या. निल्झाला जाऊन दहा दिवस झाले. डॉक्टरांना विचारायला हवं. म्हातारपणी जुने मार उशिरा वर येत असतील. तसंच असणार.

१७ मार्च, मंगळवार

पोलिसांकडून कागद आला. मला वाटलं माझ्या साक्षीसाठी, म्हणजे निल्झाविरुद्ध मी काही सांगावं म्हणून. उभ्या उभ्या वाचला. परत वाचला. नाव माझं आहे. आरोपी म्हणून. परवानगीशिवाय दुसऱ्याचं खासगी संभाषण रेकॉर्ड करणं, इच्छेविरुद्ध फोटो काढणं, आणि ते तिसऱ्याला पाठवणं.

तक्रारदार: निल्झा.

ती? माझ्यावर? एकतीस वर्षांत आरोपींची नावं मी हजारदा टाइप केली असतील. आज माझं नाव त्या जागी होतं आणि मला त्याचं स्पेलिंगही परकं वाटलं.

२० मार्च, शुक्रवार

वकीलबाई ब्रिजिदा काल्देइरा. आमच्या ऑफिसातून त्यांच्या अपिलांचे कागद जातात, म्हणून ओळख. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी सगळं सांगितलं, त्या ऐकत राहिल्या.

“तुम्ही इतकी वर्षं रेकॉर्डिंग ऐकता आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“ती न्यायालयाची असतात.”

“हो. तिथे प्रत्येकाला आधी सांगितलेलं असतं. इथे कुणाला सांगितलं होतं? जे चारचौघांसाठी बोललेलं नाही ते बोलणाऱ्याच्या संमतीवाचून टिपायचं नाही. घर तुमचं असलं तरी नाही. अगदी तुमच्याशीच कुणी बोलत असलं तरी नाही. वर्षापर्यंत कैद होऊ शकते, नाहीतर दंड.”

“पण माझ्या आईला मारहाण होत होती!”

“ऐकू आली?”

“अजून नाही. पण ती तिसरी बाई...”

“मग तोच आपला बचाव. आईला धोका होता म्हणून केलं, दुसरा इलाज नव्हता. तो मान्य होईलच असं नाही, पण मांडता येईल. सगळं रेकॉर्डिंग आणा. तुमच्या पसंतीचं नको, पूर्ण. बॅटरी संपेपर्यंतचं.”

“सहानंतर मीच असते घरात. त्यात काय ऐकायचं?”

“तरीही.”

२६ मार्च, गुरुवार

लिहायला हवं. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

वकीलबाईंनी आधी एकटीनं ऐकलं होतं. मी बसल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. नेहमीसारखी कॉफी विचारली नाही.

“एक तुकडा लावते. तुम्ही व्यवसायानं हेच करता. ही तिसरी बाई कोण ते सांगा.”

मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. सापडली एकदाची, असं वाटलं. हेडफोन लावला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाईचा आवाज, लांबून, दबका, दातांमधून आल्यासारखा. शब्द नीट नव्हते. मग जोरात: “उघड! उघड म्हणते ना!” चमचा दातांवर आपटल्याचा आवाज. कुणीतरी गुदमरून खोकलं. मग चापट. नक्की चापटच, तो आवाज मी साक्षींमध्ये ओळखते.

मी हेडफोन काढला. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. म्हणाले, “बाई, पन्नाशीच्या पुढची. इथलीच, बोलण्यावरून आमच्या बाजूची. निर्दयी आहे. हिला पकडायलाच हवी.”

वकीलबाईंनी कॉम्प्युटर जवळ ओढला. पुढचं वाक्य त्यांनी हेडफोनशिवाय, मोठ्यानं लावलं.

“दिवसभर लोकांचं ऐकून घरी यायचं आणि तुझी ही नाटकं, आई!”

खोलीत दोघीच होतो. मी आधी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, कुणी आलं का म्हणून. मग मी त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत ओकले.

तो माझा आवाज. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज ऐकले, एका श्वासावरून साक्षीदार ओळखला, आणि माझा मला ओळखता आला नाही.

“रेकॉर्डिंगमध्ये आठ संध्याकाळी आहेत,” वकीलबाई म्हणाल्या. “त्यातल्या सहांमध्ये असं आहे.”

मी म्हटलं, “मी मारत नाही.” हे मी म्हटलं. ते ऐकल्यानंतर.

२७ मार्च, शुक्रवार

ही वही सुरुवातीपासून वाचली. गाल धरून. हात वाकवून. थाळी निसटली. बोटं एकेक करून. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मीच लिहिलंय आणि मी वाचलं नव्हतं.

आईच्या दंडाजवळ माझा पंजा नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला. तिनं खांदे कानापर्यंत उचलले.

चर्चच्या मदतनीस भगिनींना फोन करून सांगितलं, दिवसभर कुणीतरी पाठवा, झोपेपर्यंत. का ते विचारलं. म्हटलं, मी एकटी तिच्याजवळ असू नये. त्यांनी पत्ता लिहून घेतला.

३० मार्च, सोमवार

वकीलबाई म्हणतात ते असं. हे रेकॉर्डिंग बेकायदा मिळवलेलं आहे. न्यायालय ते पुरावा म्हणून बहुधा घेणार नाही, ना निल्झाविरुद्ध, ना कुणाविरुद्ध. बचावात ते पुढे करायचं नाही. तक्रारीपुरतं गुन्हा कबूल करायचा, माफी मागायची, रेकॉर्डिंग नष्ट करायला तयार व्हायचं, प्रकरण अटींवर मिटेल. “बाकीचं तुम्ही मला सांगितलं आहे, आणि मी तुमची वकील आहे. ते या खोलीबाहेर जाणार नाही.”

“म्हणजे जो कायदा मी मोडला तोच मला वाचवतो?”

“असं म्हणू शकता. पण हेही सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मारणं हा असा गुन्हा आहे, की त्याला कुणाची तक्रार लागत नाही. तुम्ही स्वतः तोंड उघडलंत तर मागे फिरता येणार नाही.”

संध्याकाळी वाल्देमारला सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग म्हणाला, “तू दमलेली होतीस. कोण नाही ओरडत? पुसून टाक ते. मीही पुसतो. आणि बाहेर एक शब्द बोलू नकोस, कळलं? आपल्याला या गावात तोंड दाखवायचंय.”

“तुला कुठे दाखवायचंय? तू लक्झेंबर्गला असतोस.”

त्यानं फोन ठेवला.

खरं सांगते, मलाही पुसून टाकायचंय. बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले होते. कुणालाच कळणार नाही. आई तर सांगू शकत नाही. हाच विचार आला मनात, “आई सांगू शकत नाही”, आणि माझी मलाच भीती वाटली.

६ एप्रिल, सोमवार

ईस्टर काल झाला. आज निल्झाकडे गेले, बंदराच्या मागच्या चाळवजा इमारतीत. कबूल आहे, वकीलबाईंनी जाऊ नका म्हणून बजावलं होतं. निल्झानं दार अर्धंच उघडलं. पायपुसण्यावर उभी राहूनच बोलले.

“निल्झा, ती संध्याकाळची बाई मी आहे.”

“मला माहीत आहे.”

“केव्हापासून?”

“फेब्रुवारीपासून. दोना ओदेत बोलल्या त्या दिवशी कळलं. त्याआधी शंका होती.” तिनं खाली बघितलं. “बोलायला हवं होतं मी. बोलले नाही. काम हवं होतं मला, आणि पुढे दवाखाना दिसत होता. त्याचं ओझं माझ्या डोक्यावर आहे. तुमच्या डोक्यावरचं ते कमी होत नाही.”

“मला माफ कर. बोलणं ऐकल्याबद्दल, फोटोंबद्दल. सगळ्याबद्दल.”

“तुमच्या भावानं माझी उघडी मांडी बघितली, बाई. माझ्या लेकीचं रडणं ऐकलं. मी त्याला कधी भेटलेही नाही. हे तुम्ही माफीनं कसं भरून देणार?”

मी विचारलं, “तपासणी झाली? कसं आहे आता?”

ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. “ते मी तुम्हाला सांगणार नाही. आणि चोरून ऐकायची सोय आता नाही.”

मी निघाले तेव्हा तिनं मागून हाक मारली. “तक्रार मी मागे घेत नाहीये. कळलं ना?”

“घेऊ नकोस.”

“आणि दोना ओदेतांचं काय?”

“मी सांगणार आहे.”

“कुणाला?”

“ज्यांना सांगायला हवं त्यांना.”

तिनं दार पूर्ण उघडलं नाही, पण लावूनही घेतलं नाही. मी जिना उतरून जाईपर्यंत.

१५ एप्रिल, बुधवार

सरकारी वकिलांकडे जबाब. वकीलबाई शेजारी होत्या, चेहरा दगडासारखा. लिपिक तरुण मुलगी होती, तिला बघूनच वाटलं, हे सगळं पुढे कुठल्या तरी टाइपिस्टच्या कानात जाईल. कदाचित आमच्याच ऑफिसात. शेजारच्या टेबलावर.

“तुमचा जबाब रेकॉर्ड होईल. समजलं?”

“समजलं.”

“तुम्हाला न बोलण्याचा हक्क आहे.”

“ठाऊक आहे. बोलते.”

निल्झाच्या तक्रारीतलं एकेक कबूल केलं. रेकॉर्डिंग केलं, फोटो काढले, भावाला पाठवले. सरकारी वकीलबाईंनी विचारलं, “का केलंत?”

“आईच्या अंगावर वळ होते. कुणाचे ते शोधायचं होतं.”

“कळलं का कुणाचे?”

वकीलबाई ब्रिजिदांनी टेबलाखाली माझ्या हातावर हात ठेवला. तिथेच थांबता आलं असतं. “नाही” म्हटलं असतं तर त्याला आव्हान देणारा आवाज या जगात कायदेशीरपणे कुठेच नव्हता.

“माझे,” मी म्हटलं.

सरकारी वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “परत सांगा. आणि समजून उमजून सांगा.”

मग सांगितलं. चमचा, चापट, दंड, मनगट, थाळी, केव्हा, किती वेळा. जे आठवलं नाही ते आठवत नाही म्हणून सांगितलं. पाऊण तास लागला. आवाज कापत होता, घसा साफ करावा लागत होता, दोनदा पाणी मागितलं. ते सगळं टाइप होईल.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, “माझ्या आयुष्यात मी इतका चांगला बचाव इतक्या वाईट रीतीनं वाया गेलेला पाहिला नाही.” मग आपली छत्री माझ्या हातात देऊन त्या पावसात भिजत गेल्या.

१७ जून, बुधवार

निल्झाची तक्रार अटींवर थांबवली आहे. लेखी माफी, रेकॉर्डिंग आणि फोटो नष्ट, वाल्देमारकडचेही. माझ्यासमोर एका अधिकाऱ्यानं एकेक फाइल पुसली. आईच्या हसण्याचीही गेली. ते व्हायलाच हवं होतं. ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

दुसरं प्रकरण चालू आहे. त्याची तारीख सप्टेंबरात. वाल्देमारचे रविवारचे फोन बंद झालेत. ऑफिसनं मला सध्या येऊ नका म्हटलंय.

आईला मे महिन्यात वृद्धाश्रमात हलवलं. मला बुधवारी दुपारी भेटायची परवानगी आहे, मदतनीस खोलीत असताना. निल्झा रविवारी जाते, स्वतःहून. हे मला मदतनिसांनी सांगितलं, आणि सांगताना त्या अवघडल्या.

आज आईचे केस विंचरलेले होते. वजन वाढलंय. हाता-दंडावर कुठेही डाग नाही. मी लांबूनच बघून घेतलं. हातभर अंतर ठेवून खुर्चीत बसले. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली, नव्या माणसाकडे बघतात तशी, थोड्या कुतूहलानं. घाबरली नाही. मला तेवढ्यानंच रडू येईलसं झालं.

मग तिनं मदतनिसाला मोठ्यानं कुजबुजून विचारलं, “ही कोण?”

“तुमची लेक ना! ग्रासिएत.”

“छे,” आई म्हणाली. “माझी लेक कामावर असते. ती संध्याकाळी येते.”

आणि तिनं खिडकीकडे मान वळवली, बाहेर अजून किती उजेड उरलाय ते बघायला.